पाठीमागचा दिवा

वाहनाला पुढे आणि मागे जे दिवे असतात त्यांचे स्वभाव परस्परांहून अगदी निराळे असतात, ही गोष्ट रोज वाहन चालविणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. पुढचा दिवा हा मालकाचा चाकर होय. त्याच्या उजेडात मालकाला रस्ता दिसतो, खड्डा दिसतो, आडवे येणारे कुत्रे दिसते. तो मंद झाला की मालकास तत्काळ कळते आणि दुसऱ्याच दिवशी त्याची दुरुस्ती होते. मागच्या तांबड्या दिव्याचे तसे नाही. त्याच्या उजेडात मालकाला काहीएक दिसत नाही. उलट मालकच दुसऱ्याला दिसतो, आणि तो दुसरा कोण हे मालकाला ठाऊक नसते. त्या दिव्यापासून होणारा लाभ हा न घडलेल्या गोष्टीच्या रूपाने होतो, आणि न घडलेल्या गोष्टीचे उपकार मानण्याची मनुष्याला सवय नाही. म्हणूनच तो विझला तरी महिनोन्महिने पत्ता लागत नाही. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढे समई असली पाहिजे. मोटार त्याने पाहिली असती तर दिव्याच्या पाठीशीही अंधारच असतो, असे तो म्हणाला असता.

ज्याचा उजेड आपल्या डोळ्यांवर कधीच पडावयाचा नाही असा दिवा नीट बसविणे हा निव्वळ कारागिरीचा प्रश्न आहे, की त्यात नीतीचाही काही अंश आहे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. नीतिशास्त्रावरील ग्रंथांतून सत्य, अहिंसा, कर्तव्य यांची चर्चा असते. स्कूटरच्या मागच्या दिव्याची नसते. परंतु गेल्या गळीत हंगामात या क्षुल्लक वस्तूने मला जे विचारात पाडले त्यातून मी अद्याप पुरता बाहेर आलेलो नाही, आणि त्यात माझाही थोडा दोष असल्याकारणाने तो विचार वाचकांपुढे मांडणे मला प्राप्त आहे.

आमचा मुलूख कऱ्हाटी. कऱ्हेच्या काठी बारामती, जेथे मोरोपंतांनी आपली आर्या रचली. आणि पूर्वेकडे, नीरा जेथे भीमेला मिळते तेथवर, इंदापूर. मूळचा हा प्रदेश ज्वारी-बाजरीचा आणि कुसळांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागले आणि त्या पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले. आता दिवाळी सरली की येथील रस्त्यांचे रूपच पालटते. उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या, दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ज्यास लोक 'जुगाड' म्हणतात त्या टायरच्या गाड्या, मालमोटारी, यांची रांग रात्रंदिवस कारखान्यांकडे सरकत असते. ऊस ट्रॉलीच्या चौकटीबाहेर दोन्ही अंगांनी हात हात बाहेर आलेला असतो. हंगामाच्या आरंभी या गाड्यांना तांबड्या परावर्तक पट्ट्या लावण्याचा उपक्रम होतो. पण पट्टी असते चौकटीवर, आणि ऊस लोंबतो चौकटीच्या बाहेर. कित्येकदा तर वाढ्यांनी पट्टीच झाकून जाते. पाठीमागून येणाऱ्याला जे दिसते ते गाडीचे माप. जे त्याच्या अंगावर येते ते भाराचे माप. या दोहोंतील अंतरात दर हंगामात माणसे मरतात.

बारामतीला आणखी एका कारणाने या विषयात बोलण्याचा अधिकार आहे. तीनचाकी वाहने हा आता या गावचा मोठा उद्योग आहे. पियाजिओ या इटालियन कंपनीचा कारखाना येथील औद्योगिक वसाहतीत आहे, आणि तेथून निघणारी 'आपे' भारतभर भाजीपाला, सिमेंट आणि शाळेची मुले वाहून नेते. 'आपे' या शब्दाचा इटालियन भाषेतील अर्थ मधमाशी. त्याच कंपनीने १९४६ साली 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी ही स्कूटर काढली होती, आणि महायुद्धाने खंक झालेल्या देशात लहान व्यापाऱ्याला परवडेल असे मालाचे वाहन हवे म्हणून १९४८ साली तिचीच पुढची बाजू कायम ठेवून मागे दोन चाके व हौदा जोडला. म्हणजे बारामतीत जे वाहन आज पट्ट्यावर तयार होते त्याचे कुळ दुचाकीच्या रूपांतराचेच आहे. फरक एवढाच की कारखान्याने जेव्हा मागली बाजू रुंद केली तेव्हा रुंद वाहन म्हणूनच तिचा विचार केला. गल्लीतल्या गॅरेजात जे रूपांतर होते त्यात पुढचा विचार होतो, चाकांचा होतो, बैठकीचा होतो. पाठ मात्र बहुधा जुन्याच वाहनाची राहते.

अशा एका रूपांतराची ही हकीकत आहे. माझा एक जुना विद्यार्थी बाजारपेठेत एका दुकानी हिशेब लिहितो. लहानपणी पोलिओ होऊन त्याचा डावा पाय अधू झाला. (भारत पोलिओमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली जाहीर केले. पण ज्यांना तो रोग त्यापूर्वीच गाठून गेला त्यांची एक पिढी आपल्यामध्ये चालत, लंगडत, प्रपंच करीत आहे, हे आपण विसरत चाललो आहोत.) इतकी वर्षे तो बसने, कधी शेजाऱ्याच्या मागे बसून, कधी वाट पाहून, असा हिंडला. अखेर त्याने एक जुनी स्कूटर घेतली आणि भिगवण रस्त्याकडील एका गॅरेजात मागच्या चाकाच्या दोहो बाजूंना दोन लहान चाके बसवून घेतली. मोजू गेल्यास चाके चार होतात. परंतु लोक तिला तीनचाकीच म्हणतात, आणि मीही तेच म्हणेन.

ती घेऊन तो पहिल्यांदा माझ्या दारी आला तो दिवस मला आठवतो. हातात पेढ्यांचा पुडा होता. "सर, आता कुणाची वाट बघायला नको," एवढेच तो म्हणाला. चाळीशी उलटलेल्या माणसाच्या तोंडचे ते वाक्य ऐकून मला भरून आले. मी गाडीभोवती एक फेरी मारली. स्कूटरचा मूळचा दिवा मधोमध होताच. शिवाय नव्या चाकांच्या मडगार्डांवर दोन लहान तांबडे दिवे बसविलेले होते. ते दुसऱ्या कोणत्या तरी सपाट पाठीच्या वाहनाकरिता केलेले असावेत; कारण मडगार्डाच्या बाकावर ते नीट टेकत नव्हते, आणि फटीत कसला तरी लांबीसारखा पदार्थ भरला होता. डावा दिवा जमिनीकडे पाहत होता, उजवा आभाळाकडे. हे मला दिसले. स्पष्ट दिसले. पण त्या क्षणी त्याच्या आनंदात खोट काढणे मला अशिष्टपणाचे वाटले. 'छान झाली' असे म्हणून मी पेढा तोंडात टाकला.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी, ऐन हंगामात, मी इंदापूरहून माझ्या लहानशा मोटारीने परत येत होतो. दिवस मावळून गेला होता. भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी उडविलेली धूळ रस्त्यावर धुक्यासारखी बसली होती. पुढे मध्यावर एकच तांबडा दिवा दिसत होता, बऱ्यापैकी ठळक. एखादा स्कूटरवाला आपल्या वाटेने चालला आहे असा माझा समज झाला. स्कूटरला ओलांडावयाला जेवढी जागा लागते तेवढी सोडून मी उजवीकडून पुढे जाऊ लागलो. इतक्यात त्याच्या पुढील ट्रॅक्टर थांबला, तो थांबला, आणि मला ते कळलेच नाही. कारण दिवा जसा होता तसाच राहिला. अगदी जवळ गेल्यावर माझ्या दिव्यांच्या झोतात त्या स्कूटरच्या अंगाबाहेर हातभर आलेले एक चाक चमकले. मी कसा वळलो आणि समोरून त्या क्षणी कोणी कसे आले नाही हे मला सांगता येत नाही. पुढे जाऊन गाडी उभी केली, परत आलो, रागाने दोन शब्द बोलणार तो समोर माझाच विद्यार्थी. "सर, तुम्ही होता होय?" तो म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते. माझे हात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी अंगणात ती गाडी तपासली. दोष तीन निघाले, आणि तिन्ही ऐकण्यासारखे आहेत.

अशा जुन्या गाड्यांच्या मागच्या बल्बात दोन तारा असतात. एक पाच वॅटची, ती रात्रभर मंद जळते. दुसरी एकवीस वॅटची, ती ब्रेक दाबला की पेटते. मागून येणाऱ्याला 'मी आहे' आणि 'मी थांबतो आहे' ही दोन वाक्ये या दोन तारा सांगतात. गॅरेजात जादा दिव्यांसाठी वायरी कापून जोडताना या दोहोंची अदलाबदल झाली होती. त्यामुळे मोठी तार सदैव जळत होती, आणि ब्रेक दाबला म्हणजे तिच्यात लहानीची भर पडे, जी कोणाच्या डोळ्यांना जाणवणे शक्य नव्हते. गंमत अशी की हा बल्ब उलटा बसू नये म्हणून तो बनविणाऱ्याने त्याच्या बुडाशी दोन खुंट्या मुद्दाम कमीजास्त उंचीवर ठेवलेल्या असतात. होल्डरात तो एकाच रीतीने बसतो. कधीही न भेटलेल्या, घाईत असलेल्या माणसाच्या चुकीची कोणी तरी आधीच काळजी वाहून ठेवली आहे. बल्बाला खुंट्या देता आल्या. वायरी जोडणाऱ्या हाताला त्या कोण देणार?

दुसरा दोष बाजूच्या दिव्यांचा. दिव्याच्या काचेच्या आत बारीक खाचा असतात. त्या प्रकाश गोळा करून सरळ मागे सोडतात. दिवा थोडा जरी कलला तरी तो सगळा उजेड मातीत नाही तर आकाशात जातो आणि पाहणाऱ्याच्या वाट्याला उरतो तो केवळ काचेचा तांबूसपणा. त्यातून अंधारात मनुष्याचा डोळा तांबड्या रंगास इतर रंगांपेक्षा मंद असतो. तेव्हा ते दिवे चालू असूनही धुळीत नसल्यासारखेच होते. तिसरा दोष मडगार्डाच्या रंगाचा. या दिव्यांचा परतीचा प्रवाह लोखंडातून जावयाचा. पण स्क्रूच्या बुडाशी रंग तसाच ठेवल्यामुळे अर्थिंग धड नव्हते, आणि खड्डा आला की दिवा मिचके.

या तपासणीत मला जे सुचले ते असे. विझलेला दिवा काही सांगत नाही. वाकडा बसलेला आणि उलटा जोडलेला दिवा खोटे सांगतो. विझलेल्या दिव्याबाबत मालकाला आज ना उद्या टोचणी लागते, पोलिस हटकतो, शेजारी सांगतो. चुकीचा दिवा मात्र सर्वांचे समाधान करतो. मालक म्हणतो दिवा आहे. तपासणारा म्हणतो दिवा लागतो. मेस्त्री म्हणतो पैसे मिळाले. फक्त मागून येणारा काही म्हणत नाही, कारण तो अद्याप तेथे आलेलाच नसतो. ज्यांची साक्ष खरी महत्त्वाची तो या व्यवहारात हजरच नाही. माझ्या मते कारागिरीची हद्द संपून नीतीची हद्द सुरू होते ती नेमकी येथे: जेथे काम देणारा, काम करणारा आणि काम पाहणारा असे तिघेही संतुष्ट असतात आणि तरीही ज्याच्याकरिता ते काम आहे तो फसविला जातो.

रेल्वेने हे फार पूर्वी ओळखले. आमच्या दौंड-बारामती फाट्यावर काय किंवा मोठ्या लोहमार्गावर काय, शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते आणि रात्री तांबडा दिवा असतो. गाडी स्टेशनातून जाताना तेथील कर्मचारी इंजिनाकडे पाहून स्वस्थ बसत नाही. तो ती फुली, तो दिवा पाहतो, आणि तेव्हाच गाडी पूर्ण आली, मागे एखादा डबा तुटून राहिला नाही, अशी त्याची खात्री होते. पाठ पाहण्याचे काम तेथे कोणाच्या सौजन्यावर सोडलेले नाही. ते एका माणसाचे नेमलेले काम आहे. रस्त्यावर असा नेमलेला माणूस नाही.

मी विद्यार्थ्याला विचारले, "बाजूचे दिवे असे वाकडे बसले आहेत, हे तुझ्या ध्यानात आले नव्हते का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आलं होतं, सर. मीच त्यांना म्हटलं होतं, फार ठळक नकोत. मागनं बघणाऱ्याला मी सगळ्यांसारखाच दिसावा, एवढंच वाटत होतं."

या वाक्याने माझ्या सगळ्या युक्तिवादाची गाडी जागच्या जागी थांबली. मेस्त्रीचा निष्काळजीपणा, मालकाची बेपर्वाई, अशी जी सरळ मांडणी मी मनाशी केली होती ती आता टिकेना. दिवसाउजेडी ज्याच्या पायाकडे प्रत्येकाची नजर जाते त्याला रात्रीच्या अंधारात, निदान पाठीमागून, एका साध्या स्कूटरस्वारासारखे दिसावेसे वाटले, तर त्याला खोटारडा कोण म्हणेल? आपल्यापैकी प्रत्येकजण आपली एखादी उणीव झाकूनच घराबाहेर पडतो. विरलेल्या सदऱ्यावर कोट चढवितो, कर्जावर हसरा चेहरा चढवितो. जगाच्या कुतूहलापासून स्वतःला झाकण्याचा हक्क ही काही लहान वस्तू नव्हे. ती गेली की माणसाजवळ फारसे काही उरत नाही.

प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गायजीझच्या अंगठीची कथा घातली आहे. लिडियातील एका मेंढपाळाला अशी अंगठी सापडते की तिचा खडा आत वळविला म्हणजे घालणारा अदृश्य होतो. आणि अदृश्य झाल्यावर तो जे करू नये ते सर्व करतो. न दिसणारा मनुष्य नीतीने वागेल काय, हा तेथील प्रश्न. पण त्या कथेत अदृश्य होणारा हा बलवान आहे. ज्याला कोणीही सहज चिरडून जाऊ शकते अशा दुबळ्याने ती अंगठी घातली तर काय, याचा विचार तेथे नाही. माझ्या विद्यार्थ्याने अंगठीचा खडा वळविला तो कोणाला लुटण्यासाठी नव्हे. थोडा वेळ नजरांतून सुटण्यासाठी. आणि त्याची किंमत तोच मोजणार होता. त्या रात्री मीही ती मोजली असती, नाही असे नाही; आणि ट्रॅक्टरच्या पलीकडून समोर एखादे कुटुंब मोटारसायकलवर येत असते तर त्यानेही मोजली असती.

येथे कोणी म्हणेल की सगळे ओझे पुढच्यावर का? मागून येणाऱ्याने सांभाळून चालवावे, अंतर राखावे, धुळीत वेग कमी करावा. हे खरे आहे, आणि त्या रात्रीच्या माझ्या वेगाबद्दल मी स्वतःला मोकळा सोडीत नाही. पण सावधगिरी ही अनुमानावर चालते, आणि अनुमान खुणेवर. समोर एक दिवा म्हणजे दुचाकी, दोन दिवे म्हणजे त्या दोहोंमध्ये वाहन, ही रस्त्याची भाषा आहे. जो सावध आहे तो ती भाषा वाचून सावध असतो. तीच खोटी निघाली तर बेसावध आणि सावध दोघेही सारखेच ठोकरले जातात. कायद्यानेही हे गृहीत धरले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली जे केंद्रीय नियम झाले त्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत मागे तांबडा दिवा आणि क्रमांकाची पाटी उजळणारा पांढरा दिवा हवा, असे सांगितले आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीकरिता बदल केलेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्याही कायद्यात घातली. परंतु दिवा असावा एवढे कायदा सांगू शकतो. त्याने खरे सांगावे, हे दिवा बसविणाऱ्याच्या बोटांवर आणि बसवून घेणाऱ्याच्या मनावरच अवलंबून राहते.

मग त्याच्या त्या वाक्याला उत्तर काय? मला ते लगेच सापडले नाही, आणि सापडले तेही कोणत्या ग्रंथात नव्हे. संध्याकाळी आम्ही फाटकाशी बसलो असता रस्त्यावरून वाहने जात होती. एक मालमोटार गेली; मागे दोन तांबडे दिवे. एक टेम्पो गेला, दोन. एक आलिशान मोटार गेली, तिच्याही पाठीला दोनच. मी म्हणालो, "यांच्यापैकी कोण चालवतंय, त्याचा पाय कसा आहे, घरी काय आहे, यातलं काही कळतं का तुला?" तो पाहत राहिला. दिवे सांगत होते ते इतकेच: मी येथून येथपर्यंत आहे. रुंदी सांगणे निराळे आणि कहाणी सांगणे निराळे. कहाणी ज्याची त्याने हवी त्याला सांगावी, न सांगावी. रुंदी मात्र ज्याचा आपल्याशी धक्का लागण्याचा संभव आहे अशा प्रत्येक अनोळखी माणसाला कळलीच पाहिजे. आणि ती सांगितल्याने कहाणी उघडी पडत नाही. ही दोन्ही आपण एकच समजतो म्हणून भितो, आणि भीतीने दोन्ही झाकतो. त्याला हे पटले की नाही, मला ठाऊक नाही. "बघू," एवढेच तो म्हणाला. पण रविवारी सकाळी तो स्वतःहून आला आणि म्हणाला, "चला, गॅरेजात जाऊ."

गॅरेजवाल्या मेस्त्रीशी भांडावे असे माझ्या मनात होते, पण तशी वेळ आली नाही. झालेली हकीकत ऐकून तो हातातला पाना खाली ठेवून बसला. मग म्हणाला, "दिवा लागतोय ना, मग झालं, असंच आम्ही बघतो, गुरुजी. मागनं पन्नास पावलांवर उभं राहून कोण बघतंय? तुम्ही बघितला होता, तुम्ही तरी सांगायचं." हे त्याला कोणी सांगितले होते नकळे, बहुधा विद्यार्थ्याने. मी पेढा खाऊन गप्प बसलो होतो ही गोष्ट भिगवण रस्त्यावरच्या गॅरेजापर्यंत जाऊन पोहोचली होती, आणि माझ्याजवळ त्यावर बोलायला काही नव्हते.

काम दीड तासाचे होते. जुन्या टायरचा रबराचा तुकडा घेऊन त्याने दोन पाचरी कापल्या, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, अशा की मडगार्डाचा बाक त्यांत मुरावा आणि दिव्याची पाठ ओळंब्यात उभी राहावी. तीन वेळा त्या कमीजास्त झाल्या. रबराने आणखी एक गोष्ट साधली. रस्त्याचा हादरा थेट बल्बाच्या तारेला बसेना. स्क्रूच्या जागचा रंग त्याने कानशीने घासून लोखंड पांढरे केले, आणि तेवढ्यावर न थांबता दोन्ही दिव्यांपासून बॅटरीपर्यंत अर्थिंगची निराळी वायर नेली. पत्र्यातून वायर जेथे जाते तेथे कडेने ती कापली जाऊ नये म्हणून रबराची गोल चकती घातली. मग मधल्या दिव्याच्या वायरी सोडून अदलाबदल दुरुस्त केली. शेवटी दिवे मडगार्डाच्या अगदी बाहेरच्या कडेला सरकविले. "आता गाडी जेवढी आहे तेवढी दिसंल," तो म्हणाला. पहिल्या वेळी हेच काम त्याने किती वेळात केले होते असे मी विचारले. "वीस मिनिटं," तो म्हणाला, आणि या वेळचे पैसे घेईना. विद्यार्थ्याने ते बळेच त्याच्या खिशात कोंबले.

अंधार पडल्यावर आम्ही गाडी माझ्या अंगणात, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उभी केली. भिंतीवर दोन तांबडे ठिपके पडले, सारख्या उंचीवर. तो बैठकीवर बसून होता. त्याला त्यांतले काही दिसत नव्हते. त्याने ब्रेक दाबला.

"लागला का, सर?"

"लागला."

त्याने सोडला, पुन्हा दाबला. "आता?"

"लागला."

आणखी चारपाच वेळा त्याने तसेच विचारले. मग मला म्हणाला, "तुमची गाडी पण काढा की, सर. आज आहेच आपण." मी मोटार फिरवून भिंतीशी लावली, आत बसून दिवे लावले आणि ब्रेकवर पाय ठेवला. तो काठी टेकत पाठीमागे गेला. थोडा वेळ त्याचा आवाज आला नाही.

"सर," तो म्हणाला, "तुमचा डावा बंद आहे."

उतरून पाहिले तर खरेच. बल्ब काढला, आतली तार तुटून काच काळवंडली होती. केव्हापासून, हे मला सांगता येईना.